आबांचं बत्तीस बोअर

चि. सुमनला,


परवाना तुझ्या नावावर झाल्याचं ताईनं फोनवर सांगितलं. दाजी, म्हणजे तुझे आबा, गेल्यापासून त्यांचं रिव्हॉल्व्हर सोलापुरात शस्त्रविक्रेत्याकडे जमा होतं, ते आता मोहोळच्या वस्तीवर परत येणार. तू शस्त्रसुरक्षेचं प्रशिक्षण घेतलंस, अर्ज भरलेस, पोलीस ठाण्याच्या चकरा मारल्यास. खरं तर दाजींनाच हे हयातीत करता आलं असतं. परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा शस्त्र बाळगून २५ वर्षं झाली, यातलं जे आधी घडेल तेव्हा ते वारसाकडे सोपवायची सोय २०१६ च्या नियमांत आहे. पण दाजी ‘बघू पुढच्या सुगीला’ म्हणणाऱ्यांतले. असो.

तू विचारलंस, ‘मामा, इतकं जुनं ते, अजून चांगलं आहे का, हे कसं ओळखायचं?’ राखीव पोलीस दलाच्या शस्त्रागारात आर्मोरर म्हणून उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाला भाचीनं असा प्रश्न विचारला, की उत्तर फोनवर मावत नाही. म्हणून हे पत्र. आणि ते छापायलाही देतोय, कारण आपल्या जिल्ह्यात ऊस-द्राक्षांच्या वस्त्यांवर अशी बत्तीस बोअरची रिव्हॉल्व्हरं कपाटाकपाटांतून पडून आहेत. त्यांच्या मालकांना नूतनीकरणाची तारीख पाठ असते. शस्त्र शेवटचं कधी उघडून पाहिलं, हे मात्र आठवत नाही.

आधी तुझ्या हातात येणारी वस्तू काय आहे ते समजून घे. कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत बनलेलं हे सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर. २०२१ च्या ऑक्टोबरात आयुध निर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या, तेव्हापासून ती फॅक्टरी त्यातल्या एका कंपनीकडे आहे. पण रचना बर्मिंगहॅमच्या वेब्ली कंपनीची, इंग्रजांच्या फौजेत आणि आपल्या पोलिसांत पिढ्यान्‌पिढ्या वापरलेली. वरचा खटका दाबला की नळी आणि सिलिंडर पुढे झुकतात, मधोमध मोडल्यासारखं शस्त्र उघडतं आणि सहाही काडतुसं एकदम वर उचलली जातात. तू मोबाइलवर पाहिलेल्या अमेरिकन व्हिडिओंत सिलिंडर डाव्या बाजूला बाहेर येतो. त्या घडणीची दुखणी वेगळी. ते व्हिडिओ बघून तू सिलिंडरच्या दांड्याची झीज शोधत बसशील आणि तुझ्या शस्त्राचं खरं मर्म, म्हणजे पुढची बिजागरी आणि वरचा खटका, तसंच राहून जाईल.

ही बिजागरी गोळ्या झाडून झिजते असं लोकांना वाटतं. दाजींनी सगळ्या आयुष्यात झाडल्या असतील मूठभर गोळ्या. तेवढ्यानं पोलादाला काही होत नाही. झीज येते ती हाताळण्यातून. सोलापुरात रिव्हॉल्व्हरचा विषय निघाला की जुनी माणसं हटकून एक गोष्ट काढतात: १९३० चा मार्शल लॉ, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले आपले चार हुतात्मे, आणि त्याचा बदला म्हणून २२ जुलै १९३१ ला पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात हंगामी गव्हर्नर हॉटसनवर वासुदेव बळवंत गोगट्यांनी झाडलेल्या गोळ्या. गोळी खिशातल्या पाकिटाच्या धातूच्या बटणावर अडली आणि हॉटसन वाचला. ही गोष्ट ऐकत आपण वाढलो, वर सिनेमे पाहिले. त्यामुळे रिव्हॉल्व्हर हातात आलं की ते एक यंत्र आहे हे भलेभले विसरतात. पाहुण्यांसमोर एका हातानं झटका देऊन ते फाटकन बंद करतात, सिलिंडर बोटानं गरगर फिरवतात, रिकाम्या शस्त्राचा चाप खटाखट ओढून दाखवतात. दाजीही करायचे, राग मानू नकोस. आपटून बंद केल्यानं खटक्याची कड आणि बिजागरीची खीळ मार खाते. फिरता सिलिंडर अचानक अडवला की त्याच्या खाचांच्या कडा बोथटतात. रिकामा चाप ओढला की घोड्याच्या टोकाला समोर काडतुसाची टोपी सापडत नाही, ते पोलादावर आदळतं किंवा हवेत झटका खातं, आणि एक दिवस त्याचा कपचा उडतो.

तू दोन्ही हात वापर. उघडताना अर्धवट थांबू नकोस, पूर्ण उघड, नाहीतर एखादं रिकामं काडतूस एक्स्ट्रॅक्टरच्या चांदणीखाली घसरतं. तसं झालं तर बळानं बंद करू नकोस, चांदणी वाकते आणि तिच्या दुरुस्तीपेक्षा नवं शस्त्र परवडतं. बंद करताना नळी वर आणून शांतपणे दाब, खटका बसल्याचा आवाज ऐक, आणि मग बोटानं चाचपून बघ.

आता तपासणी. सुरुवातीची गोष्ट तुला प्रशिक्षणात सांगितलीच आहे, पण मी पुन्हा सांगणार. शस्त्र उघडायचं, सहाही भोकं डोळ्यांनी बघायची आणि करंगळीनं चाचपायची, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवायची. लाइट गेल्यावर, गप्पा मारत, लेकरं खेळत असताना हे काम करायचं नाही.

आणि तपासायच्या आधी साफ करायचं. हा क्रम उलटा करणारे मी खूप पाहिले. ‘सिलिंडर जड फिरतोय, टायमिंग गेलंय’ म्हणून शस्त्र आणतात, आणि चांदणीच्या खाली न जळलेल्या दारूचे चार कण अडकलेले असतात. तेवढ्यानं चांदणी केसभर वर राहते, काडतुसाचं बूड मागे घासतं आणि सगळं शस्त्र म्हातारं वाटू लागतं. एक जुना टूथब्रश फिरवला की पुन्हा तरणं. तीच गत ढिल्या स्क्रूची. मुठीचा स्क्रू सैल झाला तर सगळं शस्त्रच खिळखिळं वाटतं. मळ आणि सैलपणा, दोन्ही झिजेचं सोंग घेतात. ते उतरवल्याशिवाय खरी झीज दिसत नाही.

साफसफाईत नळी मागून पुढे पुसायची. सळईला चिंधी लावून, सोल्व्हेंटनं भिजवून, मग पितळी ब्रश, मग कोरड्या चिंध्या. सळई नळीच्या पुढच्या तोंडाला घासू देऊ नकोस, तिथली कड बिघडली की नेम बिघडतो. नळीचं मागचं तोंड, जिथे सिलिंडरमधून सुटलेली गोळी शिरते, तिथे राखाडी चकचकीत ओरखडे दिसले तर ते शिसं. ब्रशनं निघतं. सिलिंडरच्या पुढच्या तोंडावर भोकांभोवती काळी कडी पडतात, ती मात्र खरवडू नकोस. ती राहिली तरी शस्त्राचं काही बिघडत नाही, पण ती घालवायला सँडपेपर लावणारे बहाद्दर शस्त्राचं माप बिघडवतात.

साफ झालं की पहिली परीक्षा बिजागरीची. शस्त्र बंद करून एका हातात मूठ, दुसऱ्या हातात नळी धर, आणि वर-खाली, डावी-उजवी हलवून बघ. काही हलता कामा नये. मग खिडकीसमोर धरून वरच्या खटक्याजवळ बघ, नळीची पट्टी आणि बॉडी यांच्यामधून उजेडाची फट दिसते का. हालचाल जाणवली, टक्‌ असा आवाज आला, तर ती खरी झीज. तिथे थांब, पुढच्या परीक्षा आर्मोररच्या टेबलावर.

दुसरी परीक्षा सिलिंडरची. बोटांत धरून पुढे-मागे ढकलून बघ. अगदी थोडी हालचाल चालते, पण टकटक वाजता कामा नये. सिलिंडर आणि नळी यांच्यामधली फट मोजायला गॅरेजवाले टॅपेट लावायला वापरतात ते फीलर गेज पुरतं. ०.१० ते ०.२५ मिलिमीटरच्या दरम्यान असेल तर निश्चिंत राहा. त्याहून फार कमी असेल तर काजळी धरताच सिलिंडर घासायला लागेल. जास्त असेल तर गोळी सुटताना बाजूनं गरम वायू आणि शिशाचे कण उडतात. शेजारी उभ्या माणसाच्या हाताला बारीक टोचल्यासारखं झालं, तर ते याच फटीतून. दोन्हीकडून मोजायचं: सिलिंडर मागे दाबून एकदा, पुढे दाबून एकदा. दोन मापांतला फरक म्हणजे सिलिंडरची लांबीतली ढिलाई, आणि ती वाढली की घोड्याचा फटका टोपीवर हलका पडायला लागतो.

तिसरी परीक्षा माझी आवडती, कारण ती हातांनी आणि कानांनी होते. आपल्या आजोबांनी लक्ष्मी-विष्णू गिरणीत जॉबरकी केली. शेकडो मागांच्या गोंगाटात चालता चालता ते एका मागापाशी थांबायचे आणि धागा तुटायच्या आधीच मेकॅनिकला हाक मारायचे. रिव्हॉल्व्हर तसंच ऐकायचं असतं. शस्त्र रिकामं आहे हे पुन्हा बघ. सिलिंडरवर बोटाचा हलका दाब ठेव आणि घोडा अंगठ्यानं अगदी सावकाश मागे ओढ. आतला पॉल सिलिंडरच्या दात्याला ढकलत नेतो. घोडा मागे अडकतो त्या क्षणी भोक नळीच्या बरोबर समोर आलेलं असलं पाहिजे. घोडा अडकला आणि सिलिंडर अजून वाटेतच असेल, तर पॉल किंवा दाता झिजलाय. मग घोडा अंगठ्यानं घट्ट धरून, चाप दाबून, हळूच खाली सोड, पण चाप दाबलेलाच ठेव. वेब्लीच्या घडणीत सिलिंडर पक्का जखडला जातो तो चाप पूर्ण मागे असताना, म्हणून ढिलाई तेव्हाच बघायची. एरवी सिलिंडर थोडा हलतो म्हणून घाबरून जाऊ नकोस, तो तसाच असतो. चाप दाबलेला असताना मात्र डावी-उजवी डुगडुग नको.

हे सहा वेळा, सहाही भोकांसाठी करायचं. प्रत्येक भोकाला स्केच पेननं बारीक खूण कर म्हणजे गोंधळ होणार नाही. दाते सहा असतात आणि सगळे सारखे झिजत नाहीत. पाच भोकं नेमकी आणि एकच आळशी, हे मी अनेकदा पाहिलंय. पाच वेळा तपासून समाधान मानणारा तिथेच फसतो.

एवढ्यात एक छोटी परीक्षा उरकून घे. रिकाम्या शस्त्राचा घोडा मागे अडकवून, चापाला हात न लावता, अंगठ्यानं घोडा पुढे दाब. तो सुटता कामा नये. सुटला तर आतली कड झिजलीय किंवा कुणीतरी चाप हलका करायच्या नादात कानस मारलीय. असं शस्त्र हातातून पडलं तर आपोआप उडू शकतं. ते घरात ठेवायचं नाही, त्याच दिवशी विक्रेत्याकडे.

आता काडतुसं. तुझ्याकडे आहेत ती आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची. बुडावर इंग्रजीत ‘केएफ’ अशी अक्षरं दिसतील. कारखाना १८६९ चा. रेंजवर परवानगीनं सराव केलास तर रिकामी काडतुसं तिथेच टाकून येऊ नकोस, आधी वाच. बुडातल्या टोपीवर घोड्याच्या टोकाची खूण असते. ती मधोमध आणि खोल असेल तर सगळं ठीक. एका बाजूला सरकलेली असेल तर भोक नळीसमोर नीट येत नाही, म्हणजे मघाचा दाता-पॉलचा हिशोब. सहापैकी एकाच काडतुसावर सरकलेली असेल तर भोकाची खूण जुळवून बघ. खूण उथळ असेल, काडतूस उडालंच नाही, तर कमान थकलीय, घोड्याचं टोक झिजलंय, किंवा सिलिंडरची ढिलाई वाढलीय. न उडालेलं काडतूस लगेच बाहेर काढायचं नाही. नळी सुरक्षित दिशेला धरून अर्धा मिनिट थांबायचं. आणि गोळी झाडताना नेहमीचा दणका न येता ‘फुस्स’ असा आवाज आला, तर दुसरा चाप ओढायचाच नाही. गोळी नळीत अडकलेली असू शकते. तिच्यावर दुसरी झाडली की नळी फुगते. अशी फुगलेली नळी उजेडासमोर धरली की आत काळी गोल रेघ दिसते. ती रेघ दिसली की नळी संपली.

झिजेबद्दल इतकं लिहिलं, पण आपल्याकडे शस्त्रं मरतात ती गंजानं. सोलापूरची हवा कोरडी, लोकांना वाटतं इथे कसला गंज! गंज चामड्याच्या पाऊचमध्ये लागतो. कमावलेल्या चामड्यात क्षार राहतात, पावसाळ्यात ते ओल धरतं, आणि दाजींनी शस्त्र वर्षानुवर्षं त्याच पाऊचमध्ये ठेवलं होतं. पाऊच फक्त बाहेर नेताना वापर. घरी सुती कापडात गुंडाळून कुलपात ठेव. काडतुसंही पट्ट्याच्या खोबणीत खोचून ठेवू नकोस, पितळ कळकतं, हिरवा चिकटा येतो आणि तो भोकात काडतूस अडकवतो.

तेलाबाबत ताईचं ऐकू नकोस. खोबरेल नको. हिवाळ्यात ते आपल्याकडेही थिजतं आणि उन्हाळ्यात त्याचा चिकट थर होतो. रॉकेलनं साफ केलं तर ते पुसून काढ, ते वंगण नाही. शस्त्राचं पातळ तेल थेंबभर बिजागरीला, थेंबभर सिलिंडरच्या आसाला, बाकी अंगाला नुसता हात फिरवल्याइतकं. मे महिन्यात धूळ उडते तेव्हा ओथंबलेलं तेल धूळ ओढून घेतं, आणि तेल-धुळीचा तो लेप पोलाद कानशीसारखा खातो. काडतुसांना तेल कधीच नको, टोपीत झिरपलं की ती मरते.

दसऱ्याचं मात्र तुला ऐकून घ्यावंच लागेल. खंडेनवमीला शस्त्रं पुजायची आपली रीत. आमच्या शस्त्रागारातही पूजा व्हायची. दाजी रिव्हॉल्व्हर पाटावर ठेवून त्यावर हळद-कुंकू, ओल्या अक्षता, फुलं, नारळाचं पाणी, सगळं सोडायचे, आणि दुसऱ्या दिवशी तसंच पाऊचमध्ये. घोड्याच्या मागे जी तांबूस खाच दिसते ती त्या प्रसादाची. पूजा जरूर कर, पण कुंकू पाटाला लाव, शस्त्र कोरडं ठेव आणि संध्याकाळी तेलाच्या चिंधीनं पुसून टाक. घामाचा हात लागला तरी पुसायचं, बोटांचे ठसे नुसते ठसे राहत नाहीत, त्यांचा गंज होतो.

निवडणुका हे दुसरं संकट. २०२४ मध्ये सोलापुरात ७ मेला लोकसभेचं मतदान झालं आणि २० नोव्हेंबरला विधानसभेचं. ज्यांना छाननी समितीचा आदेश आला, त्यांची शस्त्रं एका वर्षात दोनदा जमा झाली. जमा करायच्या आदल्या दिवशी शस्त्र साफ करून, नेहमीपेक्षा जरा जास्त तेल लावून, पाऊचशिवाय कापडात गुंडाळून दे. पावतीवरचा नंबर शस्त्रावरच्या नंबराशी जुळवून घे. परत घेताना तिथेच उघडून बघ, घरी येऊन नाही. आणि लग्नाच्या वरातीत कुणी ‘एक बार उडवू’ म्हणालं तर सरळ नाही म्हण. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा हौसेला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे, किंवा दोन्ही.

आता समज, तुला झीज सापडली. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत लेथवर काहीही वळून देणारे आहेत. खटका झिजला तर त्यावर वेल्डिंगचा थर चढवून घासून देईन म्हणणारा तुला भेटेल. जाऊ नकोस. वेल्डिंगच्या उष्णतेनं पोलादाचं पाणी उतरतं आणि खटका दिसायला नवा, आतून मऊ होतो. शिवाय १९५९ च्या शस्त्र कायद्यानं दुरुस्तीलाही परवाना लागतो. बिनपरवाना माणसाकडे शस्त्र दिलंस तर तो आणि तू दोघंही अडकाल. आतल्या भागांचे स्क्रू तूही उघडू नकोस. साध्या पेचकसानं त्यांची खाच फाटते, आणि आतल्या कमानीचा झटका बोटांनी सोसत नाही.

तुझं काम फक्त ओळखण्याचं. कुठल्या भोकात, कुठली हालचाल, कधीपासून, हे वहीत लिहून परवानाधारक विक्रेत्याकडे ने. बिजागरी आणि खटका दोन्ही गेले असतील तर मी दुरुस्तीचा आग्रह धरणार नाही. आबांची आठवण म्हणून खिळखिळं शस्त्र घरात ठेवण्यात अर्थ नाही. विक्रेत्याकडे जमा कर आणि परवान्यावरची नोंद बदलून घे.

पुढच्या रविवारी शस्त्र ताब्यात घ्यायला जाशील तेव्हा परवाना आणि जमा केल्याची पावती दोन्ही मूळ प्रती ने. मी दुकानाबाहेर अकराला थांबतो. बिजागरीची परीक्षा तिथेच, काउंटरवर, तू करायचीस.

ताईला नमस्कार. द्राक्षांच्या छाटणीचं कळव.

तुझा,
मामा

ता. क. फीलर गेज विकत घेऊ नकोस, माझं जुनं आहे. त्याची ०.१० ची पाती जरा वाकलीय, पण ०.१५ आणि ०.२५ च्या ठीक आहेत, तेवढ्यावर भागेल.